तक्रारीत नसलेली चूक

मी माझ्या मुलीच्या बढाया मारते असं माझा भाऊ म्हणतो. मारते. जन्मभर शाळेत दुसऱ्यांच्या मुलांचं कौतुक केलं, ते पगार घेऊन. आता निवृत्त झाल्यावर स्वतःच्या मुलीचं फुकट करते, तर कुणाच्या पोटात का दुखावं? भाऊ वकील आहे. समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायची सवय त्याला कोर्टात लागली आणि ती घरापर्यंत आली. मीही मुख्याध्यापिका होते, त्यामुळे आमच्या दोघांचं संभाषण म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन भाषणं.

मुलीला आम्ही लहानपणी भिंगरी म्हणायचो, आणि अजून म्हणतो. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. घास तोंडात घेऊन घरभर फिरायची, अभ्याससुद्धा येरझाऱ्या घालत करायची. अशी ही मुलगी पुढे गळ्याच्या ऑपरेशनची डॉक्टर झाली. तिच्या हाताखालच्या सिस्टरने मला एकदा सांगितलं, की मॅडम एकदा टेबलाशी उभ्या राहिल्या की अर्धा अर्धा दिवस पायसुद्धा हलवत नाहीत. त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सिस्टरला काय वाटलं असेल कोण जाणे, मी तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

म्हणून जेव्हा भिंगरीच्या नावाने वैद्यकीय परिषदेत तक्रार झाली, तेव्हा माझं डोकं फिरलं. तक्रार होती बस स्टँडवरच्या बाईंची. त्यांचं नाव गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं, आवाज मात्र सगळ्यांना माहीत होता. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा सुटणार, हे वर्षानुवर्षं त्याच सांगत आल्या होत्या. आवाज असा, की गाडी चुकलेल्या माणसालासुद्धा राग येऊ नये. त्यांच्या गळ्यात थायरॉइडची गाठ वाढली होती आणि श्वासनळीवर दाबत चालली होती. ती काढावीच लागणार होती. भिंगरीने गाठीसकट पूर्ण थायरॉइड काढली. त्यानंतर बाईंचा आवाज बसला तो बसलाच. स्टँडने त्यांना माइकवरून उठवून पासच्या खिडकीत बसवलं.

त्यांचा नवरा बसचा ड्रायव्हर. तक्रार त्यानेच केली होती. डॉक्टरीणबाईंनी निष्काळजीपणे आवाजाची नस दुखावली, त्यांची डॉक्टरकी काढून घ्या, असं त्याचं म्हणणं.

मी दोन दिवस घरात आदळआपट केली. माणसं उपकार विसरतात, जीव वाचला त्याचं काही नाही, असं मी येईल त्याला ऐकवलं. तिसऱ्या दिवशी काही कामाने स्टँडवर गेले. माइकवर एक नवीन मुलगी होती. शब्द स्पष्ट होते, चूक काहीच नव्हती, पण लोक मान वर करून पुन्हा पुन्हा पाटीकडे पाहत होते. पूर्वी कुणी पाटी वाचत नसे. पासच्या खिडकीत बाई बसल्या होत्या. समोरचा म्हातारा कानाला हात लावून काय, काय, करत होता, आणि त्या तेच तेच घोगऱ्या आवाजात सांगत होत्या. मी काम न करताच परत आले. बाईंचं नुकसान झालं होतं, यात वाद नव्हता. मग ते कुणी केलं, असा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला आणि हलेना.

भावाला विचारलं. त्याने आधी मला माझ्याच तोंडाची आठवण करून दिली. शेजारच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन बिघडलं तेव्हा 'डॉक्टरवर केस ठोका' म्हणून मीच अख्ख्या इमारतीला चिथवलं होतं. तेव्हा माझं गणित सोपं होतं. पेशंट बरा झाला की डॉक्टर चांगला, नाही झाला की डॉक्टर दोषी. आता गणितात माझी मुलगी आली, तर मला उत्तर बदलून हवं होतं. भाऊ हे सगळं हसत हसत बोलला. मला चिडवण्याची संधी तो सोडत नाही.

मग मात्र त्याने नीट बसून समजावलं. वाईट निकाल म्हणजे हलगर्जी नव्हे. त्या विषयातल्या सावध डॉक्टरने त्या जागी जे केलं असतं, ते या डॉक्टरने केलं का, हे आधी बघतात. केलं नसेल तर पुढचा प्रश्न, की पेशंटचं नुकसान त्याच्यामुळेच झालं का. दोन्हीची उत्तरं विरुद्ध गेली तरच डॉक्टर अडकतो. आवाजाची नस गाठीला चिकटूनच जाते. भिंगरीने ती शोधली होती, शेवटपर्यंत नजरेसमोर ठेवली होती, कापली नव्हती. तरी गाठ सोडवताना ताण बसून ती लुळी पडू शकते, कितीही जपलं तरी. हा धोका तिने ऑपरेशनच्या आधी नवराबायकोला समोर बसवून, गळ्याचं चित्र काढून सांगितला होता. दोघांनी विचार करून होकार दिला होता. भाऊ म्हणाला, केस खिशात आहे.

माझा जीव भांड्यात पडला. तो तसाच राहिला असता, पण त्याच संध्याकाळी भिंगरी आमच्या दोघांसमोर येऊन बसली. चक्क बसली, तेव्हाच मला शंका आली. म्हणाली, मामा, आवाजाचं तू म्हणतोस ते बरोबर आहे. माझी चूक दुसरीकडे आहे.

तिने सांगितलं ते असं. थायरॉइडच्या मागे तांदळाएवढ्या चार बारीक ग्रंथी असतात. अंगातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. थायरॉइड पूर्ण काढली, की त्याही काही दिवस मलूल होऊ शकतात आणि रक्तातलं कॅल्शियम घसरतं. त्याची पहिली खूण म्हणजे बोटांना आणि ओठांना मुंग्या. ही खूण दिसली की रक्त तपासायचं, कॅल्शियम द्यायचं. यात शोधून काढण्यासारखं काही नाही, शिकाऊ डॉक्टरलासुद्धा पाठ असतं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी राउंडला गेली तेव्हा तिचा सगळा जीव बाईंच्या आवाजात अडकला होता. गाणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाचा गळा उघडायचा म्हणजे तिला आधीपासून धास्ती असते. तिने बाईंना स्टँडवरची घोषणा म्हणायला सांगितलं. बाईंनी म्हटली. आवाज फाटला होता. भिंगरीने पुन्हा म्हणायला लावली, डोळे मिटून ऐकलं. मध्येच बाई म्हणाल्या, बोटांना मुंग्या येतायत. भिंगरी म्हणाली, सलाइनचा हात अवघडला असेल, जाईल. आणि पुन्हा म्हणाली, घोषणा म्हणा. बाईंनाही आवाजाचीच काळजी होती. दोघी मिळून आवाज ऐकत बसल्या, आणि बोटं राहून गेली. रक्त तपासलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी बाईंना घरी सोडलं.

घरी त्यांचे हात आखडले. बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली, पेला धरता येईना, जबडा आवळायला लागला. ड्रायव्हर त्या दिवशी ड्यूटीवर नव्हता म्हणून बरं. त्याने बायकोला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे सलाइनमधून कॅल्शियम दिलं, आणि तासाभरात हात मोकळे झाले. ऑपरेशनचा अशक्तपणा आणि थोडी घबराट असेल, असं घरच्यांनी आपसात ठरवून टाकलं. टाके दाखवायला आल्या तेव्हा बाईंनी हे सहज बोलता बोलता सांगितलं. भिंगरीने लगेच त्यांचं रक्त तपासायला पाठवलं. तिने गोळ्या सुरू केल्या, तपासण्या केल्या, सगळं रुळावर आणलं. पण त्यांना म्हणाली एवढंच, की या ऑपरेशननंतर असं होतं कधीकधी.

"ते खरं होतं, पण अर्धंच," ती आम्हाला म्हणाली. "मी ते टाळू शकले असते, हे सांगितलं नाही. आता परिषदेसमोर सांगणार आहे."

भावाने कपाळावर हात मारला. तक्रार आवाजाची आहे. त्यात आपण सुटतोय. ज्याची तक्रार कुणी केली नाही, ज्याचं नुकसान भरून निघालंय, ते आपण होऊन उकरून काढायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा. परिषद नोंदणी काही काळ काढून घेऊ शकते. नंतर कुठलं हॉस्पिटल दारात उभं करेल? लोकांना आवाज कुठला आणि कॅल्शियम कुठलं ते कळत नाही, लोक म्हणतील त्या डॉक्टरची चूक होती, बस्स.

आणि मी? मी कधी नव्हे ती भावाच्या बाजूने बोलले. विचारलं नाही तर सांगायचं कशाला, असं म्हणाले. खिडकीची काच फोडून गप्प बसणाऱ्या पोरांना ज्या खुर्चीत बसून मी झापलं होतं, ती खुर्ची मला त्या क्षणी आठवलीही नाही. मला दिसत होती ती भिंगरीची इतक्या वर्षांची जागरणं. ती माझ्याकडे पाहत राहिली. वाद घातला असता तर मी पुरून उरले असते. तिने वाद घातला नाही, जेवली आणि झोपायला गेली. मी भांडी घासली ती अशी, की भाऊ घाबरून घरी गेला.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. खोली लांबट, मध्ये मोठं टेबल, पाण्याच्या ग्लासांवर कागदाची झाकणं. समोर तीन सभासद. मधल्या अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टर, त्यांच्या एका बाजूला बाहेरगावचे सर्जन आणि दुसऱ्या बाजूला कायद्याचे एक गृहस्थ. भाऊ वकील म्हणून भिंगरीच्या शेजारी बसला; घरच्या माणसांना मागच्या भिंतीशी बसायची परवानगी होती, तिथे मी. खुर्ची डुगडुगत होती. अशा दिवशी डुगडुगती खुर्ची कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ड्रायव्हर आधी बोलला. दांडगा माणूस, पण बोलताना हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नव्हतं. तो म्हणाला, मी रात्रीच्या गाडीने परत यायचो तेव्हा स्टँडात शिरताना हिचा आवाज ऐकू आला की घरी आल्यासारखं वाटायचं. एवढं बोलून तो बसला. मला त्याचा राग येत नव्हता, आणि त्याचाच मला राग आला.

मग बाहेरगावच्या सर्जननी भिंगरीला खोदून खोदून विचारलं. नस कुठे दिसली, कुठल्या बाजूने सोडवली, चिकटलेल्या जागी काय केलं, बाईंना आधी काय शब्दांत सांगितलं. ती एकेक उत्तर देत गेली, शांतपणे, काही न सजवता. सर्जन मान हलवत होते. शेवटी बाईंनीच सांगितलं, की हो, आवाज बदलू शकतो हे मला सांगितलं होतं, मला वाटलं माझ्या बाबतीत होणार नाही. भाऊ कागद गोळा करायला लागला होता.

अध्यक्षबाईंनी पद्धत म्हणून विचारलं, डॉक्टरांना आणखी काही सांगायचंय का. भावाने भिंगरीची बाही धरली. मी मागून मनातल्या मनात ओरडले, बस खाली. आयुष्यभर त्या मुलीला बस खाली म्हणत आले, एकदासुद्धा ऐकलं नव्हतं तिने.

ती उभी राहिली. सभासदांकडे न पाहता बाईंकडे वळली. मग तिने ती सकाळ जशीच्या तशी सांगितली. तुम्ही मुंग्या येतायत म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्या क्षणी रक्त तपासलं असतं तर घरी तुमचे हात आखडलेच नसते. ते तसंच वाढलं असतं तर तुमच्या हृदयापर्यंत गेलं असतं. तुमचे यजमान घरी होते म्हणून वाचलात, माझ्यामुळे नाही.

"तुमचा आवाज गेला याचं मला फार वाईट वाटतं," ती म्हणाली, "पण त्यात मी हलगर्जी केली नाही. मुंग्यांच्या बाबतीत केली. दोन्ही गोष्टी तुम्हाला माहीत असायला हव्यात."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे तक्रारीत नाही, तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे," भिंगरी म्हणाली. "त्यांना माहीत नव्हतं, म्हणून नाही."

मी तिला जन्म दिला, बोलायला शिकवलं, पाढे पाठ करून घेतले. हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. मी तर त्याच्या उलटं शिकवायला बसले होते, दोनच दिवसांपूर्वी, माझ्याच घरात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं आलं असतं तर मला सवय नाही म्हणून कळलं असतं. ते लाजेचं नव्हतं. माझी छाती अशी भरून आली, की डुगडुगत्या खुर्चीवर मी ताठ होऊन बसले, वर्गात इन्स्पेक्टर आल्यावर बसायचे तशी.

बाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटं उघडमीट केली. नवरा काही बोलणार होता, त्यांनी त्याला थांबवलं. घोगऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, मला वाटत होतं मीच घाबरट आहे, म्हणून तसं झालं. घरी सगळे तसंच म्हणाले होते. बरेच दिवस मी पेला उचलताना भ्यायचे आणि कुणाला सांगायचे नाही. भिंगरीने मान हलवली. तुम्ही घाबरट नव्हता, तुम्ही बरोबर सांगत होता, चूक ऐकणारीची होती, असं ती म्हणाली. मग ती खाली बसली.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. भाऊ व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. तो माझ्यावरही रागावला होता, जणू मीच तिला फितवलं होतं. भिंगरी माझ्याजवळ आली. रागावलीस का, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या मामाला वकिली करायला येत नाही, मला मुख्याध्यापकी येत नव्हती, आणि तू आमच्या दोघांचं ऐकलं नाहीस हे आपल्या घराण्यावर उपकार झाले. ती हसली. मग येरझाऱ्या घालायला लागली, आणि मी तिला बस म्हटलं नाही.

निकाल लेखी मिळणार होता, पण सगळ्यांना पुन्हा आत बोलावून अध्यक्षबाईंनी मुद्दा तोंडी वाचून दाखवला. आवाजाच्या बाबतीत हलगर्जी नाही. धोका ठाऊक असलेला होता, आधी सांगितलेला होता, आणि ऑपरेशन हवी तेवढी काळजी घेऊन केलेलं होतं. मुंग्यांच्या बाबतीत हलगर्जी आहे. सांगितलेली तक्रार दुर्लक्षिली, साधी तपासणी राहिली आणि पेशंटला त्याचाच त्रास झाला. डॉक्टरांच्या नावावर ताकीद नोंदली जाईल, काही काळ त्यांनी वरिष्ठांच्या देखरेखीखाली ऑपरेशनं करायची, आणि हॉस्पिटलने पेशंटला भरपाई द्यायची. नोंदणी राहिली. भावाने सुटकेचा श्वास सोडला, आणि लगेच, हे असंच होणार हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, असा चेहरा केला. वकील हरला तरी चेहरा हरू देत नाही.

भिंगरी सही करायला आत थांबली. मी व्हरांड्यात आले. बाकावर ते नवराबायको बसले होते. आत मी मागच्या भिंतीशी होते, त्यांनी मला पाहिलं नसावं. ड्रायव्हरने मला जागा करून दिली आणि माझी केस कोणती, असं विचारलं. म्हटलं, तुमचीच. तो गोंधळला.

"म्हणजे तुम्ही कोण?"

व्हरांड्यात कारकून होते, इतर तक्रारीवाले होते, भाऊ होता. भाऊ डोळ्यांनी मला खुणावत होता, की गप्प राहा, आता तरी.

"आत्ता आत जिची चूक ठरली ना," मी म्हणाले, "तिची मी आई."

कारकुनाने फायलीतून मान वर केली. इतक्या मोठ्याने मी तिच्या सुवर्णपदकाच्या दिवशीसुद्धा सांगितलं नव्हतं.